पीच बनवणारा गोलंदाज : पळवणकर बाळू

हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये 'लगान' लागला की काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. दुसऱ्या दिवशी सबमिशन असो की व्हायव्हा, एकही जण जागचा हलत नाही. अधू हाताचा कचरा चेंडू फेकतो, चेंडू गर्रकन वळतो आणि सगळे पोट्टे एकदम ओरडतात. गाववाले म्हणतात, याला टीममध्ये घ्यायचं नाही. मग भुवनचं ते लांबलचक भाषण होतं, गाववाल्यांना लाज वाटते आणि प्रश्न सुटतो. सिनेमात प्रश्न असे पाच मिनिटांत सुटतात.

'लगान'ची गोष्ट १८९३ सालातली दाखवली आहे. नेमक्या त्याच सुमारास आपल्या पुण्यात अठराच्या आसपासचा एक खराखुरा पोरगा इंग्रजांच्या क्लबचं मैदान झाडत होता, पीचवर रोलर फिरवत होता आणि सायंकाळी साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी करत होता. त्याचं नाव बाळू. आडनाव पळवणकर. भारतातला पहिला मोठा गोलंदाज कोण, असा प्रश्न क्विझमध्ये आला तर याचं नाव घ्यावं लागेल. पण मी आमच्या विंगमध्ये विचारून पाहिलं तर वीसपैकी दोघांनाच ते माहीत होतं. म्हणून हा लेखप्रपंच.

बाळूचा जन्म १८७६ च्या सुमाराचा, धारवाडचा. घराणं मूळचं कोकणातलं, पळवणचं, म्हणून पळवणकर. जात चर्मकार, म्हणजे त्या काळच्या भाषेत अस्पृश्य. वडील लष्करात नोकरीला होते, त्यामुळे कुटुंब पुण्याला आलं. छावणी म्हटली की साहेब आले आणि साहेब म्हटला की क्रिकेट आलं. साहेबांनी टाकून दिलेल्या जुन्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम खेळायला लागले. पुढे विठ्ठल आणि गणपत हे आणखी दोन भाऊही याच खेळात उतरले. एका घरातले चार भाऊ आणि चारही जण हिंदू संघाकडून खेळलेले! पण ते सगळं नंतर.

घरची परिस्थिती अशी की शाळा लवकरच सुटली. बाळूला पहिली नोकरी मिळाली ती पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात. काम पीच झाडायचं आणि रोलर ओढायचं. पगार महिना तीन रुपये. कधीमधी मेंबर लोक त्याच्याकडून थोडी गोलंदाजी करून घेत. १८९२ च्या सुमारास तो युरोपियनांच्या पूना क्लबात लागला. पगारात एका रुपयाची वाढ! काम तेच. रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेषा मारायच्या, नेट बांधायचं. तिथे एका साहेबाच्या लक्षात आलं की या पोराच्या डाव्या हातात काहीतरी आहे, आणि बाळू नेटमध्ये रोज गोलंदाजी करू लागला.

पूना क्लबचा सर्वात मोठा फलंदाज होता जे. जी. ग्रेग. इंग्लंडमध्ये हॅम्पशायर काउंटीकडून खेळलेला. याच्या 'जॉन ग्लेनी' या नावाचा अपभ्रंश होऊन लोक त्याला 'जंगली' म्हणत. (आपण चंद्रपूर-गडचिरोलीचे, म्हणजे आपल्याला हे नाव आवडायला हरकत नाही!) असं सांगतात की हा ग्रेग बाकीच्यांच्या आधी मैदानावर यायचा, तासन् तास बाळूच्या चेंडूंवर सराव करायचा आणि बाळूने आऊट केलं की दरवेळी आठ आणे द्यायचा. चार रुपये पगाराच्या माणसाला आठ आणे म्हणजे किती, हा हिशोब तुम्हीच करा. त्या आठ आण्यांनी बाळूचा टप्पा अचूक केला, असं म्हटलं तरी चालेल.

पण एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शेकडो तास गोलंदाजी करणाऱ्या या पोराच्या हाती पूना क्लबात कधी कोणी बॅट दिली नाही. फलंदाजी करायची साहेबांनी. घाम गाळायचा तो बाळूने.

इथे आपण थोडे इंजिनिअरिंगकडे वळू. बाळू डावखुरा संथ गोलंदाज होता. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजासमोर असा चेंडू पडून बाहेर जातो, बॅटची कड घेतो आणि स्लिपमध्ये किंवा यष्टिरक्षकाच्या हाती विसावतो. फलंदाज बाहेर जाणाऱ्या चेंडूसाठी खेळायला गेला की एखादा चेंडू न वळता सरळ आत घुसतो आणि दांडी उडते. यात वेगाला फार किंमत नाही. किंमत आहे ती बोटांना, मनगटाला आणि चेंडू हवेत किती वेळ ठेवायचा या अंदाजाला. पण चेंडू किती वळेल ते शेवटी ठरवते माती. जिऑटेक लॅबमध्ये आपण प्रॉक्टर टेस्ट करतो, आठवतं ना? मातीत पाणी किती असलं की ती सर्वात घट्ट दाबली जाते, ते काढतो आणि जर्नलमध्ये ग्राफ चिकटवून सुटतो. बाळूने हे कुठल्या लॅबमध्ये शिकलं नव्हतं. रोज सकाळी पीचवर पाणी मारायचं, रोलर ओढायचा आणि सायंकाळी त्याच पीचवर गोलंदाजी करायची. कुठली माती किती ओली असताना चेंडू थांबतो, कुठे भेग पडली की वळतो, हे त्याच्या हातापायांना ठाऊक होतं. गोलंदाज पुष्कळ झाले, पण स्वतःच्या हाताने पीच बनवून शिकलेले किती असतील?

याच सुमारास पुण्याच्या हिंदू क्लबाला वाटू लागलं की आपण पूना क्लबच्या गोऱ्यांना हरवावं. गोलंदाज तर गावातच होता! पण त्याला घ्यायचं कसं? संघात उच्चवर्णीय मंडळी. त्यांच्यात वाद झाला. क्लबातल्या तेलुगू मंडळींचा बाळूला घ्यायला पाठिंबा होता, पुण्याच्या काही मंडळींचा विरोध होता. शेवटी जिंकायची इच्छा मोठी ठरली आणि बाळू संघात आला.

म्हणजे प्रश्न सुटला का? छे! मैदानावर सगळे जण तोच चेंडू हाताळत. बाळूने टाकलेला, बाळूच्या घामाने ओला झालेला चेंडू झेलायला कोणाचीच हरकत नव्हती. पण चहाची वेळ झाली की खेळाडू पॅव्हेलियनमध्ये बसत आणि बाळूचा चहा बाहेर येई, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. जेवायला वेगळं ताट, वेगळी जागा. म्हणजे सीमारेषेच्या आत माणूस आणि रेषा ओलांडली की अस्पृश्य! आणि ही चुन्याची रेषा सकाळी मारणारा कोण? बाळूसारखाच कोणीतरी.

या सगळ्याला बाळूने उत्तर दिलं ते विकेट घेऊन. पुण्याच्या हिंदूंनी पूना क्लबला हरवलं. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्धच्या सामन्याची एक गोष्ट सांगतात. बाळू येणार म्हणून त्या लोकांनी आठवडाभर पीचवर रोलर फिरवून घेतला, की पीच दगडासारखं व्हावं आणि याचा चेंडू वळूच नये. त्यांच्या हे लक्षात आलं नाही की ज्याचं अर्धं आयुष्य रोलर ओढण्यात गेलं त्याला रोलरची भीती घालण्यात अर्थ नाही. बाळूने सात बळी घेतले. पुण्यातल्या सुधारक मंडळींनी मग जाहीरपणे त्याची बाजू घ्यायला सुरुवात केली. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत, हा साधा प्रश्न त्यांनी विचारला.

पुढे पुण्यात प्लेगची साथ आली आणि बाळू मुंबईला गेला. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागला. तिथेही आधी काही मेंबरांची कुरकुर झालीच. नोकरी मिळाली बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत. रेल्वेची टीम आणि जिमखान्याची टीम, दोन्हीकडे बाळूच्या नावावर विकेट जमा होत गेल्या.

त्या काळी मुंबईचं क्रिकेट धर्माप्रमाणे वाटलेलं होतं, हे आज ऐकायला विचित्र वाटतं. आधी युरोपियन आणि पारशी यांचे सामने होत. मग हिंदू आले, १९१२ पासून मुस्लिम संघ आला आणि चौरंगी सामने झाले. १९३७ मध्ये बाकीच्यांचा एक पाचवा संघ आला. हजारो लोक बघायला जमत. गोऱ्या राज्यकर्त्याला बरोबरीने भेटायची ती एकच जागा होती, आणि तिथे त्याला हरवताही येत होतं!

फेब्रुवारी १९०६. बंगालची फाळणी होऊन काहीच महिने झाले होते, देशात स्वदेशीचं वारं होतं. मुंबई जिमखान्याच्या मैदानावर हिंदू विरुद्ध युरोपियन सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, युरोपियनांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदूंच्या १६० आणि युरोपियन सर्वबाद १०२! हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूने पहिल्या डावात तीन आणि दुसऱ्या डावात पाच, असे आठ बळी घेतले. शिवरामही संघात होता. या विजयावर सुधारकांच्या वर्तमानपत्रात लिहून आलं, कारण तोवर जिमखान्यात बाळूची वेगळी पंगत मोडली होती. पुण्यात मातीच्या भांड्यात चहा पिणारा गोलंदाज मुंबईत सहकाऱ्यांबरोबर जेवायला बसत होता. कायदा झाला नव्हता, आंदोलन झालं नव्हतं. दहा-बारा वर्षं विकेट काढून काढून त्याने तेवढं अंतर कापलं होतं.

मग आलं १९११ साल. भारताचा पहिला सर्वधर्मीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर निघाला. कर्णधार पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग, वय वर्षे एकोणीस. संघात पारशी, हिंदू, मुस्लिम, आणि त्यात बाळू व शिवराम हे दोघे पळवणकर बंधू. त्याच उन्हाळ्यात लंडनला पंचम जॉर्जचा राज्याभिषेक होता. महाराजांना मेजवान्यांतून वेळ मिळेना, ते मोजकेच सामने खेळले. संघाची अवस्था काही चांगली नव्हती. २३ सामन्यांपैकी ६ जिंकले, १५ हरले, २ अनिर्णित.

पण बाळूचे आकडे बघा. सगळे सामने धरून ११४ बळी, सरासरी १८.८४! त्यातले ७५ बळी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले, सरासरी साधारण २०. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी. लेस्टरशायर आणि सॉमरसेट या काउंट्यांना भारताने हरवलं, त्यात दोन्ही भावांचा मोठा वाटा. लेस्टरला बाळूची गोलंदाजी आणि सॉमरसेटविरुद्ध शिवरामचं नाबाद शतक. १९११ चा तो उन्हाळा इंग्लंडमध्ये विलक्षण कडक आणि कोरडा होता. अशा हवेत पीच टणक होतात आणि संथ गोलंदाजाची परीक्षा होते. त्यात बाळूचं वय पस्तीसच्या घरात, खांदा दुखत होता आणि बाकी गोलंदाजी दुबळी असल्याने षटकांमागून षटकं यालाच टाकावी लागत. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी दोन ओव्हर टाकून सावली शोधणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं!

परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्याचा सत्कार केला. त्या वेळचं मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाने लिहिलं होतं असं सांगितलं जातं. तो तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर. बाबासाहेबांना बाळूबद्दल मोठा अभिमान होता. ज्या समाजाला कोणी जवळ उभं करत नव्हतं त्यातल्या एका माणसाचं नाव सगळी मुंबई घेत होती, ही तेव्हा केवढी गोष्ट असेल!

आता खरा मुद्दा. एवढा मोठा खेळाडू, इतक्या वर्षांचा अनुभव. मग हिंदू संघाचा कर्णधार तो कधी झाला?

उत्तर आहे, कधीच नाही.

१९१० नंतर जवळजवळ दरवर्षी त्याच्या नावाची चर्चा व्हायची आणि दरवर्षी दुसऱ्याच कोणाची नेमणूक व्हायची. १९१३ मध्ये एम. डी. पै कर्णधार झाले. पै मोठ्या मनाचे. आपल्या सत्काराच्या सभेतच त्यांनी सांगून टाकलं की हा मान खरं तर बाळूचा होता. पण निवड समिती काही बधली नाही. गोलंदाजी कोणाकडून करून घ्यायची हा एक प्रश्न आणि कोणाच्या हुकमात उभं राहायचं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर विकेटनी दिलं होतं. दुसऱ्याचं उत्तर द्यायची तयारी नव्हती.

१९२० मध्ये वाद पेटला. देशात असहकाराचं वातावरण होतं. त्याच डिसेंबरात आपल्या नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं आणि अस्पृश्यता घालवण्याचं आवाहन तिथल्या ठरावात होतं. आणि इकडे चौरंगी सामन्यांत काय झालं? पै उपलब्ध नव्हते म्हणून कर्णधारपद प्रा. दि. ब. देवधरांकडे गेलं आणि बाळूला तर संघातूनच वगळलं. देवधर उत्तम खेळाडू होते यात वाद नाही. पण विठ्ठल आणि शिवराम त्यांच्याहून अनुभवी होते आणि आपल्याला का डावललं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतलं आणि कारण जाहीरपणे सांगितलं. हे धाडस सोपं नव्हतं. चौरंगीत खेळणं म्हणजे त्या काळात देशाकडून खेळण्यासारखं होतं. लोकमत भावांच्या बाजूने फिरलं. अंतिम सामन्यासाठी पै परत आले, भाऊ परत आले आणि बाळूला उपकर्णधार नेमलं गेलं. सामना चालू असताना पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले. तेवढा वेळ संघाची सूत्रं बाळूकडे होती. मोठ्या कारकिर्दीच्या शेवटी पदरात पडलं ते एवढंच.

त्यानंतर त्याचा खेळ संपत आला. प्रथम श्रेणीचे सामने ३३, बळी १७९, सरासरी १५.२१. म्हणजे दर सामन्याला पाचाहून जास्त बळी. भारत पहिली कसोटी खेळला ती १९३२ मध्ये, नागपूरच्या सी. के. नायडूंच्या नेतृत्वाखाली. तोपर्यंत बाळूचा काळ सरून गेला होता, म्हणून कसोटीच्या यादीत त्याचं नाव सापडत नाही.

मात्र १९२३ मध्ये निवड समितीला विठ्ठल पळवणकरला कर्णधार करावंच लागलं. विठ्ठलच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी जिंकली आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. ज्याला शिवायचं नाही त्याला खांद्यावर! विठ्ठलने पुढे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. थोरल्या भावाने रोलर ओढून तयार केलेल्या पीचवर धाकटा भाऊ खेळला, असंच म्हणावं लागेल.

गोष्ट इथे संपवली असती तर छान गोड शेवट झाला असता. पण माणसाचं आयुष्य मैदान सोडल्यावरही चालूच असतं. पळवणकर पुढे सार्वजनिक कामात आले. १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत तेही होते. गांधीजींच्या वाटेवर त्यांचा विश्वास होता, हिंदू समाज आतून बदलेल असं त्यांना वाटत होतं. त्यांना स्वतःला तसा थोडा अनुभव आलाही होता, नाही का? बाहेरच्या मातीच्या भांड्यापासून आतल्या पंगतीपर्यंत. बाबासाहेबांचा विचार वेगळा होता. एकेकाला पंगतीत घेतल्याने समाज बदलत नाही, हक्क मिळवावे लागतात, ही त्यांची भूमिका. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत दोघे समोरासमोर आले. काँग्रेसने पळवणकरांना बाबासाहेबांविरुद्ध उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, पळवणकरांना ११,२२५. ज्याने कधीकाळी मानपत्र लिहिलं असं म्हणतात, त्यानेच पराभव केला.

यात कोण बरोबर, यावर रात्रभर वाद होऊ शकतो, आणि आमच्या रूममध्ये तो झालाही आहे. मला एवढंच वाटतं की बाळूच्या आयुष्यात दोघांचेही पुरावे सापडतात. पंगत मोडली, म्हणजे माणसं बदलतात. कर्णधारपद मिळालं नाही, म्हणजे नुसत्या गुणावर सगळं मिळत नाही. ते विठ्ठलला मिळालं, कारण मधे दोन भावांनी आम्ही खेळत नाही असं ठणकावून सांगितलं होतं.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत पळवणकरांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी आपल्या चंद्रपुरात धम्मदीक्षेचा सोहळा केला. दरवर्षी ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर जी गर्दी लोटते, हॉस्टेलचा रस्ता भरून जातो, ती त्याच दिवसाची आठवण.

आता थोडं आपल्याबद्दल. आमच्या हॉस्टेलमागच्या मैदानावर एटापल्लीकडचा एक मुलगा रोज सायंकाळी नेटमध्ये गोलंदाजी टाकतो. डावखुरा, संथ. सगळे बॅटिंग करून चहाला जातात तेव्हा तो स्टंप उपटून आणतो. त्याची बॅटिंगची पाळी येईपर्यंत अंधार पडतो. कोणी मुद्दाम करतं असं नाही. तो बोलत नाही आणि आपण विचारत नाही, इतकंच. २०१९ च्या रणजी फायनलमध्ये विदर्भाच्या आदित्य सरवटेने डाव्या हाताच्या संथ गोलंदाजीवर सौराष्ट्राचे अकरा बळी घेतले, तो किस्सा आम्ही त्याच्यासमोर दहादा सांगितला असेल. पण या लेखासाठी वाचताना लक्षात आलं की गेल्या दोन वर्षांत त्याच्या हातात आम्ही बॅट किती वेळा दिली, ते आठवत नाही.

गॅदरिंगच्या आधी हॉस्टेलच्या टीमची निवड आहे. गोलंदाज म्हणून त्याचं नाव पहिलं येईल यात शंका नाही. कर्णधाराचं नाव ठरवताना मात्र आपण सगळ्यांनी एकदा बाळूला आठवावं.

- तृतीय वर्ष, स्थापत्य